सायकल घेण्याआधी रस्ता बघा

पावसाळा सरतो, धान कापणीला येतं आणि गडचिरोली-चंद्रपुरात सायकली बाहेर निघतात. गडचिरोलीचा चामोर्शी रोड, धानोरा रोड किंवा चंद्रपूरचा मूल रोड, कुठेही सकाळी उभे राहा. हेल्मेट घातलेले डॉक्टर, शिक्षक, पोलीस, बँकेतली माणसं वाकलेल्या हँडलच्या सायकलींवर जाताना दिसतील. त्याच रस्त्यानं कॅरियरला डबा बांधून गवंडीकामाला निघालेला माणूस काळ्या सायकलवर जात असतो. थोड्या वेळानं शाळेच्या मुलींचे घोळके येतात. या सगळ्यांशी मला सायकलच्या सामानाविषयी, त्यातही टायरविषयी बोलायचं आहे.

बोलायचं कारण असं की हौसेनं सायकल चालवणाऱ्यांत हल्ली दोन तट पडले आहेत. जुनी मंडळी म्हणतात, लोखंडी फ्रेम, पातळ टायर, त्यात दगडासारखी टणक हवा आणि रिमला लागणारा साधा ब्रेक, हीच खरी सायकल. नवी मुलं म्हणतात, कार्बनची फ्रेम, डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर आणि बटणावर बदलणारे गिअर नसतील तर घरीच बसा. दोन्हीकडचे लोक नवख्या माणसाला आपापल्या बाजूला ओढतात आणि त्याचा पैसा भलत्या ठिकाणी जातो. माझी दोघांनाही विनंती आहे. सामान जुन्या पद्धतीचं की नव्या, यावर भांडू नका. ते आपल्या रस्त्यावर किती टिकेल आणि बिघडलं तर जवळपास कोण नीट करून देईल, एवढंच विचारा. प्रत्येक भागाला हे वेगळं विचारावं लागतं, म्हणून उत्तर कधी जुन्याच्या बाजूनं येईल, कधी नव्याच्या.

आपला रस्ता कसा आहे ते आधी आठवू या. शहराबाहेरचे पहिले काही किलोमीटर गुळगुळीत डांबर असतं. पुढे खड्डे, उखडलेली खडी, अर्धवट टाकलेला मुरूम, मोऱ्यांपाशी वळणरस्ते. सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक ज्या रस्त्यांवरून धावतात तिथे डांबराला लाटा आलेल्या आहेत. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतला चिखल चाकांसोबत डांबरावर आणून सोडतात. धान निघाल्यावर लाखोळी-जवसाला गुरं लागू नयेत म्हणून शेतकरी धुऱ्यावरच्या बाभळी छाटून कुंपण घालतात आणि त्यातले काटे रस्त्याच्या कडेला येतात. सायकलवाला चालतो तोही कडेनंच. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. आलापल्ली ते भामरागड हा 60-65 किलोमीटरचा टप्पा बहुतेक जंगलातून जातो आणि वाटेत सायकलचं दुकान शोधावं लागतं.

अशा रस्त्यावर पातळ टायर घेऊ नका. हे मी जुन्या मंडळींना हात जोडून सांगतो, कारण पातळ आणि टणक म्हणजे वेगवान हा समज त्यांच्यात फार पक्का आहे. समज कुठून आला तेही समजण्यासारखं आहे. टायर किती सहज फिरतं हे पूर्वी प्रयोगशाळेत लोखंडाच्या गुळगुळीत ढोलावर फिरवून मोजत. गुळगुळीत ढोलावर हवा जितकी जास्त तितका रोध कमी, असंच उत्तर मिळत राहिलं. खरा रस्ता खडबडीत असतो. टणक टायर खडीच्या प्रत्येक कणावर उसळतं आणि चाकाला पुढे ढकलण्यासाठी तुम्ही दिलेला जोर सायकल आणि अंग हादरवण्यात जातो. 100 किलोमीटरनंतर मनगटं, मान आणि कंबर का दुखतात, याचं मोठं कारण हेच. थोडी कमी हवा भरलेलं रुंद टायर खडीवर दबतं, पुन्हा उभं राहतं आणि सायकल सरळ पुढे जाते.

जगातल्या व्यावसायिक शर्यतींनी हे मान्य करून बरीच वर्षं झाली. 2000 सालच्या आसपास तिथे 23 मिलिमीटर रुंदीचं टायर सर्रास होतं. पुढे ते 25 झालं आणि आज 28 किंवा 30 मिलिमीटरची टायर लावून तिथले स्पर्धक फ्रान्सच्या गुळगुळीत रस्त्यांवर धावतात. दगडी फरशीच्या शर्यतीत त्याहूनही रुंद लावतात. ज्यांना सेकंदासाठी झुंजायचं असतं त्यांनीच पातळ टायर सोडलं. मग आपण ते धानोऱ्याच्या रस्त्यावर का धरून बसायचं?

आता आकडे. वजन 70 किलोच्या आसपास असेल आणि टायर 28 मिलिमीटरचं असेल, तर 70 ते 80 पौंड हवा पुरते. 32 मिलिमीटरला 55 ते 60, आणि 40 मिलिमीटरला 40 पौंडांच्या आसपास. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून पुढच्या चाकात चार-पाच पौंड कमी ठेवा. वजन जास्त असेल किंवा कॅरियरवर ओझं असेल तर वाढवा. खड्ड्यात आपटल्यावर ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडत असतील, तर हवा कमी आहे असं समजा. अंगठ्यानं दाबून अंदाज घेण्याची सवय सोडा आणि काट्याचा पंप घ्या. सायकलच्या सामानात याच्याइतकी उपयोगी खरेदी मला दुसरी ठाऊक नाही. आपल्या उन्हाचाही विचार करा. 25 अंशांत 80 पौंड हवा भरलेलं टायर उन्हात उभं राहून 60 अंशांपर्यंत तापलं, तर आतला दाब 90 पौंडांच्या वर जातो. टायर जुनं, बाजूनं चिरा पडलेलं असेल तर ते तिथेच फुटतं. दुपारी सायकल सावलीत लावा.

तुमच्या सायकलला किती रुंद टायर बसेल, हे फ्रेम आणि ब्रेक ठरवतात. जुन्या शर्यतीच्या सायकलींत कधी 25 च्या पुढे जागा नसते, कधी 28 सहज जातं. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर चिखल अडकून चाक थांबतं. नवी सायकल घेणार असाल तर दुकानदाराला पहिला प्रश्न हाच करा: यात 32 चं टायर मडगार्डसकट बसतं का? नाही म्हणाला तर ती सायकल नागपूरच्या रिंगरोडला ठीक आहे, कुरखेडा-कोरचीला नाही.

एक घोळ इथे सांगून ठेवतो, कारण त्यात लोकांचे पैसे वाया जातात. आपली काळी सायकल 28 इंची आणि शर्यतीची 700 ची सायकलही बोलताना 28 इंचीच म्हटली जाते. दोन्हींची टायर एकमेकांना बसत नाहीत. टायरच्या बाजूला बारीक आकडे उमटवलेले असतात ते वाचा. काळ्या सायकलवर 40-635 असेल, शर्यतीच्या सायकलवर 28-622 किंवा 32-622, मुलींच्या 26 इंची सायकलवर बहुधा 37-590. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

ट्यूबलेसच्या बाबतीत मात्र मी नव्या मुलांच्या बाजूनं आहे, थोड्या अटी घालून. या टायरमध्ये भरलेलं पातळ द्रव बाभळीच्या काट्यानं पडलेलं भोक जागच्या जागी बुजवतं आणि कित्येकदा पंक्चर झालेलं कळतही नाही. काट्यांच्या मुलखात हा फायदा मोठा आहे. पण ते द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. महिन्या-दीड महिन्यानं वॉल्व्ह उघडून पाहा आणि कमी झालं असेल तर भरा, नाहीतर नुसतं नावाचं ट्यूबलेस घेऊन फिराल. टायर काचेनं किंवा पत्र्यानं कापलं तर द्रव काही करू शकत नाही. त्यासाठी सोबत एक ट्यूब, दोन टायर-लिव्हर, हातपंप आणि टायरला आतून लावायला जाड प्लॅस्टिकचा तुकडा असलाच पाहिजे. घरातल्या साध्या पंपानं ट्यूबलेस टायर पहिल्यांदा रिमवर बसवणं अवघड असतं, हेही जाणून घ्या. एवढी देखभाल होणार नसेल तर चांगलं टायर आणि जाड ट्यूब घ्या, त्यात कमीपणा नाही. आतल्या बाजूनं कडा नसलेल्या, म्हणजे हुकलेस रिम असतील तर कंपनीनं दिलेली हवेची मर्यादा कधीही ओलांडू नका. ती बहुधा 72 पौंडांच्या आसपास असते. त्यापुढे टायर रिमवरून सुटू शकतं. पेट्रोल पंपावरच्या मुलाला हे माहीत नसतं, त्याच्या हातात सायकल देऊ नका.

वॉल्व्ह ही वरवर क्षुल्लक वाटणारी, पण जंगलात अडकवणारी गोष्ट आहे. गावातल्या दुकानात काळ्या सायकलचा वॉल्व्ह असतो, त्यातली रबराची नळी बदलली की काम झालं. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्हही सगळीकडे चालतो. शर्यतीच्या सायकलीचा बारीक वॉल्व्ह तिथल्या पंपाला नीट धरत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो वॉल्व्हलाच लावून ठेवा. बारीक वॉल्व्हच्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं, त्यातून जाड वॉल्व्हची ट्यूब जात नाही. म्हणजे वाटेत मिळेल ती ट्यूब घालू, या भरवशावर निघता येत नाही. स्वतःच्या दोन ट्यूब सोबत घ्या.

ब्रेकचं काय? जुन्या काळ्या सायकलीच्या लोखंडी रिमवर, पावसात, ब्रेक लागायला भीती वाटावी इतका वेळ घेतो. ओल्या लोखंडावर रबर घसरतं, हा त्या धातूचाच दोष आहे, मिस्त्री काही करू शकत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तेच रबर कितीतरी चांगलं पकडतं. म्हणून नवी साधी सायकल घेतानाही अ‍ॅल्युमिनियमची रिम मागून घ्या. जुनी लोखंडी रिमची सायकल असेल तर पावसात वेग आवरा, उतारावर ब्रेक आधीपासून हलका धरून पाणी पुसून काढा. चिखलात डिस्क ब्रेक सरस आहे, यात शंका नाही. शर्यतींच्या जागतिक संघटनेनं 2018 साली त्याला कायमची मान्यता दिली आणि आता तोच सर्वत्र दिसतो. पण डिस्क घ्यायचा तर तारेवर चालणारा घ्या. तेलावर चालणाऱ्या डिस्कमधली हवा काढायला लागणारं तेल आणि अवजारं एटापल्लीत कुठून आणणार? तार मात्र कुठेही मिळते.

गिअरलाही हाच न्याय लावा. मागे अकरा-बारा चकत्या असलेल्या नव्या गिअरला जरासा धक्का बसून हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, वाकला, तर चेन जागेवर बसत नाही. आठ किंवा नऊ चकत्यांची व्यवस्था थोडी वाकडी झाली तरी घरी पोहोचवते आणि तिची चेन शहरात सहज मिळते. बेडगाव घाट चढायला पुढे लहान आणि मागे मोठी चकती हवी, चकत्यांची जास्त संख्या नको. बॅटरीवरचे गिअर ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल घ्यावेत. ते चांगले चालतात. फक्त सुटा हँगर आणि भरलेली बॅटरी पिशवीत ठेवा.

लोखंडी फ्रेमबद्दल जुनी मंडळी म्हणतात ते बरोबर आहे. लोखंड मोडण्याआधी चीर दाखवतं आणि गावातला वेल्डिंगवाला ते जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियम तसं जोडता येत नाही, कार्बनची तर गोष्टच सोडा.

या वादात दोन उदाहरणं वारंवार दिली जातात, दोन्ही आपल्या भागातली. एक भारत जोडो यात्रेचं. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी उभी केलेली ही यात्रा डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत होते आणि शंभराहून अधिक तरुण-तरुणी साध्या सायकलींवर. पाच हजार किलोमीटर! जुनी मंडळी विचारतात, तेव्हा कुठे होतं कार्बन? दुसरं उदाहरण नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं. 2017 साली त्यांनी सुमारे 4,800 किलोमीटरची रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकट्यानं, 12 दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे 9,000 किलोमीटरहून मोठं अंतर पार केलं. नवी मुलं म्हणतात, हे काळ्या सायकलवर करून दाखवा. दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सुटते. साध्या सायकलीचे सुटे भाग तेव्हा देशात गावोगावी मिळत होते. आणि अमेरिकेतल्या त्या शर्यतीत स्पर्धकामागे मदतीची गाडी, सुटी चाकं आणि माणसं असतात. म्हणजे दोघांनाही वाटेत मदत हाताशी होती. तुम्ही रविवारी एकटे भामरागडला निघता, तेव्हा तुमच्या मदतीला कोण आहे, याचा विचार करून सायकल निवडा.

आता मुलींच्या आईवडिलांशी बोलतो, कारण या दोन्ही जिल्ह्यांत सायकल सर्वांत जास्त कामाला येते ती त्यांच्या लेकींच्या. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून 5 किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. ही रक्कम 2022 साली 3,500 वरून 5,000 रुपये झाली. या पैशात दुकानदार दोन प्रकार दाखवतो. एक जाड खाचांच्या टायरची, पुढे शॉकअप लावलेली, गिअरची, रंगीत सायकल. दुसरी साधी, बिनागिअरची, मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरियर असलेली. मुलगी पहिलीकडे बोट दाखवेल. तिला प्रेमानं समजवा आणि दुसरी घ्या. या किमतीतला शॉकअप एका पावसाळ्यात गंजून घट्ट होतो आणि उरतं ते फक्त दोन किलो जास्तीचं वजन. खाचांचं जाड टायर डांबरावर घरघरत चालतं आणि मुलीला दमवतं. स्वस्त गिअर वाकले की दुरुस्त होत नाहीत आणि सायकल घराच्या मागे पडून राहते. मग दहावीनंतर शाळा लांब पडते म्हणून मुलगी घरी बसते, हे आपण पाहिलेलं आहे. चेनकव्हर असलं तर ओढणी, सलवार चेनमध्ये जात नाही. मडगार्ड असलं तर पावसात गणवेशावर चिखल उडत नाही. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का, ते दुकानातच पाहा. पुढच्या दोन वर्षांत उंची वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊ नका, सीट वर करता येते.

नवी सायकल आणली की पंधरा दिवसांनी मिस्त्रीकडे नेऊन दोन्ही चाकांच्या तारा आवळून घ्या आणि आऊट काढून घ्या. नव्या चाकाच्या तारा बसतात आणि सैल पडतात. तशाच चालवल्या तर रिम कायमची वाकते. दुकानात घाईत जोडलेल्या सायकलीचे छरे कधी कोरडेच असतात, ग्रीस आहे की नाही तेही पाहायला सांगा.

दिव्याच्या बाबतीत जुन्याची आठवण ठेवू नका. टायरला घासून चालणारा डायनॅमो पावसात घसरतो, टायरची बाजू खातो आणि सायकल थांबली की दिवा विझतो. नेमकी अंधारात थांबल्यावरच दिव्याची गरज असते. चार्जिंगचा एलईडी दिवा पुढे, लाल दिवा मागे, हे आता फार महाग राहिलेलं नाही. वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीतली नाटकं पाहून पहाटे परतणाऱ्यांनी तर हे घ्यावंच. नागपूरकडे होणाऱ्या 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेतही, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीतही, रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं, नाहीतर उतरवतात. आणि वाघाचं सांगायला नको. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात माणसं गेली आहेत. व्यायामासाठी निघणाऱ्यांनी जंगलातल्या रस्त्यावर उजाडल्याशिवाय जाऊ नये आणि एकट्यानं तर नाहीच. घंटी हौशी सायकलवाले वजनासाठी काढून टाकतात. ती परत लावा.

शेवटची विनंती आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, कुरखेडा, धानोरा इथल्या सायकल दुकानदारांना आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांना. दुकानदारांनो, 700 च्या दोन-तीन ट्यूब आणि आठ-नऊ चकत्यांच्या चेनच्या दोन कड्या ठेवा. तुमच्याकडून जाणारे सायकलस्वार वर्षागणिक वाढत आहेत. आणि सायकलस्वारांनो, सगळं घरपोच मागवू नका. जाताना दुकानापाशी थांबा, मिस्त्रीला चाक दाखवा, बारीक वॉल्व्ह कसा उघडतो ते त्याच्या हातानं करू द्या. कागदावर 28/32-622, बारीक वॉल्व्ह असं लिहून द्या आणि पहिली ट्यूब तुम्हीच विकत घ्या.